बिलं वाचणाऱ्या मामी

मामांच्या हिशेबाच्या ऑफिसात गप्पा कुणी मारत नसे, पण आवाज दिवसभर चाले. मामी एकेक बिल मोठ्याने वाचायच्या, मामा खात्यात बोट ठेवून "बरोबर" म्हणायचे आणि लाल पेन्सिलीने टिक करायचे. लग्न झाल्यापासूनचा हा शिरस्ता. त्यामुळे गिऱ्हाइकांचे हिशेब कायम उशिरा होत, पण चुकत नसत. यातल्या दुसऱ्याच गोष्टीचा टेंभा मामा चारचौघांत मिरवायचे.

ऑफिसात नव्यानेच आलेल्या भाचीने एक प्रोग्रॅम आणला. बिलाचा फोटो काढायचा, जुळवाजुळव तो करणार. मामांनी पहिल्या दिवसापासून त्याला पाण्यात पाहिलं.

"हार्डवेअरवाल्याचं अक्षर लागू दे त्याला, मग बघू."

ज्या अक्षरापुढे खुद्द हार्डवेअरवाला हात टेकायचा, ते प्रोग्रॅमने सहज लावलं. मग मामांनी नवी शक्कल काढली. प्रोग्रॅमने जुळवलेलं सगळं ते छापून घेऊ लागले आणि मामींकडून वाचून घेऊ लागले.

"मामा, अहो, काम कमी व्हायचं होतं, ते दुप्पट झालं!" भाची कळवळली.

"खात्री नको का करायला?"

मामांची खरी अडचण वेगळीच होती. घरी दोघांत बोलणं असं फारसं होतच नसे. वाचायचं संपलं तर ही ऑफिसात कशाला येईल, आणि मग आपण एकमेकांशी बोलणार तरी काय, याची त्यांना धास्ती होती. पण हे सांगायचं कुणाला?

शेवटी त्यांनी न शोभणारा उद्योग केला. दोघींची पाठ वळल्यावर एका बिलावर एकाचा सात केला आणि ते हळूच ढिगात सरकवलं. प्रोग्रॅम फसला की त्याची बोळवण करायची, असा बेत.

प्रोग्रॅम फसला नाही. हे बिल जुळत नाही, एवढंच त्याने पडद्यावर दाखवलं. मामींनी बिल उचललं, चष्मा वर केला.

"अहो, हा सात तुमचा आहे."

मामांचा चेहरा पडला. भाची तोंडावर हात ठेवून हसू दाबायला लागली.

"मग काय करू?" मामा भडकले, आणि त्या भरात खरं तेच बोलून बसले. "वाचायचं राहिलं नाही तर तू येणार आहेस का इथे? आणि घरी तर आपण बोलतच नाही!"

मामींनी बिल खाली ठेवलं.

"आकडे वाचायचा मला पहिल्यापासून कंटाळा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही समोर बसता, म्हणून वाचत होते."

मामांनी बिलांचा अख्खा गठ्ठा भाचीकडे ढकलला.

"हे सगळं घाल त्याच्या घशात. आम्ही जरा बाहेर जाऊन येतो."

"कुठे?" भाचीने विचारलं.

ते मामांनाही माहीत नव्हतं. त्यांनी मामींकडे पाहिलं. त्या केव्हाच चपला घालून दारात उभ्या होत्या.