सासूबाईची तांबूस डहाळी

कोसिमा पोस्टातून निवृत्त झाली, तेव्हा लेकीनं तिला चित्रं काढायची कोरी वही दिली आणि बाईंच्या जिवाला घोर लागला. चार महिने वही कोरीच. काढायचं तरी काय? फुलदाणी काढावी तर तिचं वांगं व्हायचं.

"सासूबाईला काढ की," तिचे बाबा, ओरोंत्सो, म्हणाले. "जागची हलायची नाही. आणि मुळातच वाकडी, तुझी रेघ चुकली तरी कुणाला कळतंय!"

सासूबाई म्हणजे त्यांच्या बागेतलं सगळ्यात जुनं ऑलिव्हचं झाड. आजूबाजूच्या गावांत ऑलिव्हवर झाडं वाळवणारा मर रोग आला होता. एक झाड रोगी निघालं की सरकारी माणसं भोवतालची धडधाकट झाडंही पाडत. सासूबाई मात्र ठणठणीत होती.

कोसिमा रोज सकाळी स्टूल टाकून बसू लागली. आणि काय सांगू, एकदा नजर बसल्यावर झाड संपेचना! ढोलीतला सरडा, सालीचा पीळ, मुंग्यांची रांग. वही भराभर भरली. भर उन्हाळ्यात एकदा शेंड्याला एक डहाळी दिसली, हिरव्यात उठून दिसणारी, तांबूस. पोस्टात शिक्के मारण्यात जन्म गेलेला; बाईंना रंग दिसला, रोग दिसला नाही. तीन दिवस खपून तिनं तो रंग जमवला. गावात हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं; बाबांना एकदम तिथंच दाखवायचं म्हणून चित्र लपवूनही ठेवलं.

चर्चच्या सभागृहात त्या चित्रासमोर एक चष्मेवाला थबकला. "बाई, हे मनानं काढलंत की बघून?"

"मनानं कशाला? पान न् पान बघून!" कोसिमा फुशारली. त्यानं झाड कुठं आहे विचारलं, तर हिनं वाट, दगडी गडगा, फाटक, सगळं सांगितलं. वर म्हणाली, "या की एकदा बघायला."

आला. शेतकी खात्यातला होता तो. नमुना नेला, अहवाल आला, सासूबाईच्या बुंध्यावर लाल फुली पडली. शेजारच्या वीतोकाकाच्या नऊ झाडांवरही पडली. कोसिमा कचेरीत जाऊन रडली, हातापाया पडली. "कायदा आहे, बाई," एवढंच उत्तर मिळालं.

झाड पाडायच्या सकाळी बाबा गडग्यावर बसले होते. ती शेजारी जाऊन बसली.

"बाबा, माझ्या चित्रावरून कळलं त्यांना. पत्ता मीच दिला."

"ठाऊक आहे."

"मग शिव्या द्या ना मला!"

"तुला कशाला? मला तुझ्याआधी दिसलं होतं. वाळकं पान दिसलं की खुडायचं, खिशात घालायचं आणि चुलीत टाकायचं. महिनाभर हेच केलं मी." त्यांनी सुजलेली बोटं गुडघ्यावर पसरली. "शेंड्याची तेवढी राहिली गं. शिडीवर पाय ठरेना."

"मला हाक मारायची होतीत. मी चढले असते."

"लाज वाटली," म्हातारा म्हणाला. "चोरी करताना पोरीला कसं बोलवू?"

यांत्रिक करवत सुरू झाली. कोसिमा आणखी काहीतरी म्हणाली, पण ते बाबांना ऐकू गेलं नाही.