हिरव्या पानाची बाटली

मी एक जुनी बाटली आहे. प्लॅस्टिकची, तपकिरी, रुंद तोंडाची. मित्रांनो, आज माझ्या पोटात चष्म्याचे बारीक स्क्रू आहेत. कुणी मला उचललं की मी खुळखुळते. पण एके काळी माझ्या पोटात यकृत सुधारण्याच्या कॅप्सूल होत्या, आणि तेव्हा या घरात मला वडीलधाऱ्यांसारखा मान होता.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम प्लॅस्टिक साच्यात फुगवलं, की झाली बाटली. आम्हा बहिणींना तेव्हा कसलाच स्वभाव नव्हता. आमचं नशीब लेबलाने ठरवलं. काहींवर झुरळाचं चित्र आलं, माझ्यावर हिरवं पान. पानाखाली लिहिलं होतं, 'पूर्णपणे नैसर्गिक, अपाय शून्य.' झुरळवाल्या बहिणीला लोक माळ्यावर ठेवतात, मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

मला या घरात आणलं ते ताईंनी. चष्मेवाल्या काकांच्या त्या थोरल्या बहीण. काकांचं खाली चष्म्याचं दुकान आणि वर राहायचं घर. तपासणीत काकांच्या यकृतावर थोडी चरबी निघाली होती. डॉक्टर म्हणाले होते, "रोज चाला, वजन उतरवा, गोड कमी करा. सध्या एवढं पुरे." हा सल्ला इतका साधा होता, की घरात कुणाचा त्यावर विश्वासच बसला नाही.

"चालून कुठे यकृत बरं होतं?" ताई म्हणाल्या. "यकृत काय पायात असतं? बाळ्या, ही घे. माझ्या शेजारणीचे दीर हिच्यावर ठणठणीत झाले."

पन्नाशी ओलांडलेल्या बाळ्याने चष्मा कपाळावर सरकवून मला निरखलं. "यात आहे काय?"

"झाडपाला."

"कुठल्या झाडाचा?"

"चांगल्याच झाडाचा असणार. वाईट झाडाचं कोण विकेल?"

काकांनी माझं झाकण फिरवलं. ताईंचं ते लहानपणापासूनच ऐकत आले होते.

काकू मात्र मनापासून कामाला लागल्या. सकाळच्या चहानंतर एक कॅप्सूल, दुपारी जेवणानंतर एक. दुपारच्या डब्याबरोबर मीही खाली दुकानात जाऊ लागले. काका गिऱ्हाईक सोडून मुकाट्याने तोंड उघडायचे. "बायकोच्या हातचं विषही गोड लागतं," असं एकदा ते म्हणाले आणि दोघं हसली. मीही आतल्या आत खुळखुळले. तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

पुढे काकांची भूक मेली. अंगाला खाज सुटू लागली. दुपारी ते काउंटरवरच डोकं टेकायचे. काकूंनी घाबरून ताईंना फोन केला.

"अगं, घाण बाहेर पडतेय," ताई म्हणाल्या. "हीच तर खूण. आता सोडू नकोस. उलट डोस वाढव."

काकूंनी वाढवला. एकाच्या जागी दोन. माझ्यासारखीच दुसरी बाटली आली, तिच्यातल्या कॅप्सूल माझ्यात ओतल्या, आणि मी पुन्हा काठोकाठ भरले.

मित्रांनो, चष्म्याच्या दुकानात एक गंमत असते. दुकानदाराच्या अगदी तोंडाजवळ येणारं प्रत्येक माणूस नेमकं त्याच वेळी चष्मा काढून बसलेलं असतं. त्यामुळे काकांचे डोळे पिवळे झाले ते कुणालाच दिसलं नाही. काकू रोज बघत होत्या. पण रोज बघणाऱ्याला हळूहळू चढलेला रंग दिसत नाही. शेवटी एक निवृत्त शिक्षिका आल्या. काकांनी नवा चष्मा त्यांच्या कानांवर बसवला.

"अहो, तुमचे डोळे पिवळे दिसतायत!"

"नवा नंबर आहे, बाई. दोन दिवस सगळं वेगळंच दिसतं."

"भिंत पांढरी दिसतेय. पिवळे तुम्हीच दिसताय."

संध्याकाळी काका रुग्णालयात होते. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत? गोळ्या वगैरे?"

"एकही नाही," काका अभिमानाने म्हणाले. "डोकं दुखलं तरी मी गोळी घेत नाही." काकूंनीही मान डोलावली.

दोघंही खोटं बोलत नव्हती. या घरात औषध म्हणजे डॉक्टर देतात ते. मी औषध नव्हतेच, मी झाडपाला होते. मग काकांचं रक्त काढलं, पोटाची सोनोग्राफी झाली, काविळीची एकेक कारणं शोधून झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना? काकूंच्या काखेत पिशवी होती. पिशवीत पंचा, कंगवा आणि मी.

आणि नर्सची पाठ वळली की काकू मला बाहेर काढायच्या. "अहो, घ्या. आता तर यकृताला जास्तच गरज आहे." काका डोळे न उघडता तोंड उघडायचे.

एकदा नर्स मध्येच परत आली. "काय देताय त्यांना?"

"काही नाही हो. झाडपाल्याचं आहे."

नर्सने मला उचललं आणि डॉक्टरीणबाईंपुढे ठेवलं. त्यांनी मला पुढून वाचलं, मागून वाचलं.

"हे सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही औषधांचं विचारलंत," काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काहींना सोसतं. काहींचं यकृत अशानेच बिघडतं. यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण कळलं असतं, तर पहिल्याच दिवशी बंद केलं असतं."

तपासायला माझ्यातल्या कॅप्सूल काढून घेतल्या. मी रिकामी होऊन काकूंकडे आले. काकू पलंगाशी बसून रडत होत्या. काकांनी त्यांचा हात शोधला.

"रडू नकोस गं. झाड वाईट निघालं, एवढंच."

काका घरी परत आले नाहीत.

ताई भेटायला आल्या तेव्हा मी टेबलावरच होते. त्यांनी मला उचललं आणि पानावर अंगठा दाबून धरला. "मी चांगल्यासाठीच आणली होती गं."

"मीही चांगल्यासाठीच दिली, ताई," काकू म्हणाल्या.

आता दुकान काकू चालवतात. मला त्यांनी धुतलं, स्क्रू भरले, पण माझ्यावरचं हिरवं पान काही सोलून काढलं नाही. परवा चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आलेल्या एक बाई मला बघून खूश झाल्या.

"अय्या, ही आमच्याकडेही आहे! मिस्टरांना देते मी."

काकूंचा स्क्रूड्रायव्हर थांबला. "त्यांच्या डॉक्टरांना माहीत आहे?"

"त्यांना कशाला सांगायचं? झाडपाला तर आहे."

काकूंनी माझ्यातले सगळे स्क्रू कागदावर ओतले आणि मला त्या बाईंच्या हातात दिलं. "घरची बाटली अश्शी उचला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. त्यांनी विचारायची वाट बघू नका." मग त्या खाली वाकून दांडीचा स्क्रू शोधू लागल्या. तो समोरच होता.

मित्रांनो, आम्हा बाटल्यांना तोंड असतं, पण बोलता येत नाही. मी गुणी की अवगुणी, हे माझ्यावरच्या पानाला विचारू नका आणि शेजारणीच्या दिरालाही विचारू नका. ज्याच्या हाती आपला माणूस सोपवलात, त्याच्यापुढे मला ठेवा. रुग्णालयातल्या त्या संध्याकाळी पंचा आणि कंगव्याच्या मध्ये पडल्या पडल्या मला एवढंच वाटत होतं, की कुणीतरी पिशवीची चेन उघडावी.