झुंबरबाईचा पाय

झुंबरबाई पायाळू होती. म्हणजे जन्मताना आधी पाय आले, मग डोकं. अशा माणसाचा पाय कमरेला लागला की उसण जाते, हे संग्रामपूरकडच्या गावांत कुणाला सांगावं लागत नाही. कंबर धरून आलेला माणूस तिच्या ओसरीवर पालथा पडायचा, ती हलकेच पाय टेकवायची आणि तो चहा पिऊन जायचा. गावात तिला मान होता तो या पायाचा. बाकी स्वभाव तिखटच.

आता तिचीच कंबर धरली. स्वतःचा पाय स्वतःच्या कमरेला लावायचा कसा? गावात हसं नको, म्हणून "दात दाखवाले जाऊन राह्यली" असं सांगत ती सून राखीला घेऊन खामगावला गेली.

तिथल्या डॉक्टरीण आसमा हिनं तिला निजवून एकेक पाय सरळ वर उचलला, गुडघ्यावर हातोडी मारली. मग प्रश्न. पडल्या होत्या का? ताप? वजन उतरलं? पाय बधिर होतात? लघवी अडते? शेवटचे दोन तर डॉक्टरणीनं पुन्हा विचारले. "नाई, नाई" करून झुंबरबाई वैतागली.

"मावशी, घाबरायसारखं काईच नाई. नस दबेल नाई, हाड मोडेल नाई. फोटोचीबी गरज नाई."

"मंग दुखते काऊन?"

"नेमकं कारण बोट ठेवून सांगता येत नाई. बहुतेकांची कंबर अशीच दुखते. दुखणं खरं आहे, पण हिंडत-फिरत राहा, काही आठवड्यांत आपोआप कमी होते."

आपोआप! परतीच्या एसटीत ती तेच मनात घोळवत बसली. कारण सापडत नाही ते दुखणं खरं कसं? आणि ते आपोआप जात असेल, तर जन्मभर आपल्या पायानं केलं तरी काय?

घरी ओसरीवर शेजारचा निवृत्ती पालथा पडलेलाच होता. "मावशी, लाव लवकर."

तिनं पाय उचलला, आणि कसे कोण जाणे, तोंडातून डॉक्टरणीचेच प्रश्न निघाले.

"पाय बधिर होतेत का रे?"

"हाव, दोन्ही. बसाच्या जागीबी काई समजत नाई."

"लघवी?"

"सकायपासून झालीच नाई."

याचा अर्थ काय, तिला ठाऊक नव्हतं. पण पाय लावला तर हा समाधानानं घरी जाऊन झोपेल, एवढं तिला कळलं. तिनं पाय जमिनीवर ठेवला.

"आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा."

"लोकायले लावतं, मंग मले काऊन नाई?" निवृत्ती रडकुंडीला आला. त्याची बायको तर बोटं मोडतच जीपमध्ये चढली. झुंबरबाईचा पाय आटला, अशी गावभर बोंब झाली.

निवृत्तीच्या मणक्याचं तातडीनं ऑपरेशन झालं. उशीर झाला असता तर पाय गेलेच असते, असं तिथले डॉक्टर म्हणाले. बाजाराच्या दिवशी त्याची बायको नारळ घेऊन आली आणि ओसरीवरूनच सगळ्यांना सांगू लागली, "मावशीनं पाय भुईले टेकवला अन् पीडा तिथंच गाडली! लावाचीबी गरज नाई पडली!"

झुंबरबाईला हसावं की रडावं कळेना. तिची स्वतःची कंबर अजून ठणकत होती, आणि ओसरीवर आणखी दोघं कंबर धरून बसले होते. तिनं पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि पहिल्याला विचारलं, "लघवी नीट होते का रे?"