पांढऱ्यावरची वाट

शाळा सोडल्यापासून दुर्गाचा पाय घरात टिकत नव्हता, म्हणून कृष्णाआत्याबरोबर केदारनाथला तिलाच धाडलं. राई गावातून निघताना बापाने बजावलं, "माझी बहीण हाय ती. धड परत आन, न्हाय तं तोंड दाखवू नको."

एकाहत्तरचा मे महिना चालू होता, तरी वर वाटेवर बर्फ पडून होता. एका वळणावर तर अख्खा ओढा बर्फाखाली गडप झालेला. त्यांचं ओझं घेऊन पुढे चाललेला पहाडी पोरगा, कुंदन, माणसांनी तुडवलेल्या मातकट पट्ट्यावरून पलीकडे निघाला. दुर्गाने नाक मुरडलं. तिचा जन्म मिठागरात गेलेला. तिथे पांढरं दिसलं की तळ घट्ट, काळपट दिसलं की खाली चिखल.

"आते, हिकडनं ये. त्याला काय कलतंय!"

"दीदी, सफेद पे मत जाना! नीचे पोला है, पानी है!"

"तू अपना देख रे!"

आत्याने पांढऱ्यावर दोन-चार पावलं टाकली नि कमरेपर्यंत आत गेली. खालून पाण्याचा घोंघों आवाज आला. दुर्गा तिचा हात धरून ओढायला धावली.

"वढू नको गो!" आत्या ओरडली. "खाडीत कोन रुतलं तं काय करतो आपुन? आडवी पड!"

दुर्गा पोटावर पडली. कुंदनने ओझं टाकलं, मागून आडवा होऊन तिचे घोटे धरले. आत्या छाती टेकून एकेक पाय सोडवत सरकली. दुर्गाने तिच्या काखेत हात घातले. तिघं तशीच घसरत मातकट वाटेवर आली.

दुर्गा आत्याचे गार पाय चोळत रडायला लागली, नि रडू आलं म्हणून स्वतःवरच चिडली.

"मेले न्हाय अजून," आत्या धापा टाकत हसली. "जन्मभर खाडीत रुतले, आता देवाच्या दारात पन रुतले! ऊठ, चल."

आभार मानायची दुर्गाला सवय कुठे होती! कुंदन ओझं उचलायला वाकला, तशी तिने त्यातली जड वळकटी खेचून आपल्या डोक्यावर घेतली.

"अरे दीदी, ये मेरा काम है!"

"चुप. आगे चल. तू जिधर पाँव रखेगा, मैं भी उधरच रखेगी."

तो हसत निघाला. मागून आत्याने दुर्गाच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.