तेरा मेणबत्त्यांचा मुकुट

मित्रांनो, मी एक जुना पितळी मुकुट आहे. पण राजाच्या डोक्यावर मी कधी बसलो नाही. कैरोच्या तांबट गल्लीत एका कारागिराने मला नर्तकी इन्शिराहच्या डोक्याच्या मापाने घडवलं आणि माझ्यावर तेरा मेणबत्त्यांची घरं बसवली. इथे मला शमादान म्हणतात.

लग्नाच्या वरातीत इन्शिराह नवरीच्या पुढे नाचत जाई. कंबर हले, पोट लाटेसारखं फिरे, मान मात्र तसूभर ढळत नसे. गरम मेण खांद्यांवर गळे, तरी ती हसत राही. शेवटी नवरा-नवरी तिच्या पोटावर हात ठेवून फोटो काढत. त्याने कूस उजवते, अशी आमच्याकडची समजूत.

पुढे काळ फिरला. तिला कुणी बोलवेना, आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. तिच्या लेकीचं, नेहालचं, लग्न ठरलं तेव्हा मला भाबडी आशा वाटली.

एका दुपारी मुलाची आई, हजयात्रा केलेली हाज्जा कौसर, आली. शरबताला तिने ओठही लावला नाही.

"विहीणबाई, राग मानू नका. मुलगी तुमची सोन्यासारखी आहे. पण नाचणारीण मांडवात दिसली, तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कुणी विचारलंच, तर आजारी आहेत म्हणून सांगू."

उघड्या दारातून मी तिला लगेच ओळखलं. तीस वर्षांपूर्वी नवरी होऊन ती माझ्यामागून चालली होती. इन्शिराहनेही ओळखलं. ती आत आली आणि तिने जुन्या फोटोंचा डबा काढला. मागोमाग आलेल्या नेहालने तिचं मनगट धरलं.

"आई, नको."

"माझ्या पोटावर हात ठेवून मुलगा मागितलाय तिने. तोच तुझा नवरा."

"ठाऊक आहे. म्हणूनच दाखवू नकोस. लग्न मोडेल माझं."

फोटो डब्यात गेला. इन्शिराह बाहेर जाऊन म्हणाली, "त्या दिवशी मी आजारीच असेन."

लग्न झालं. नातू झाल्याचं तिला भाजीवाल्याकडून कळलं. आता मी एका कॉफीच्या दुकानात टांगलेला आहे. मेणबत्त्यांच्या जागी दिवे आहेत, आणि माझ्याखाली डोकं नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवू नका, माझं काही अडलेलं नाही. पण शकुनासाठी जिच्या पोटावर हात ठेवाल, तिला पंगतीत एक पान वाढा. इन्शिराहला आता त्याचा उपयोग नाही. ती जाऊन चार वर्षं झाली. हाज्जा कौसरच्या घरी मात्र ती अजून आजारीच आहे.