फ्रेजाच्या शेळीने मोडलेली बंदी

माझी धाकटी लेक रशीदा लग्न होऊन खाली समुद्राकाठच्या तूर गावी गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या कॅथरीनच्या डोंगरात त्या वसंतात जो तो एकच विचारत होता, झऱ्यावरचं पिवळं फूल आहे की गेलं?

ते फूल आमच्या डोंगरातल्या चार-दोन ओल्या कड्यांवर उगवतं, जगात दुसरीकडे कुठंच नाही. कैरोच्या वनस्पतीशास्त्रज्ञ नर्मीनबाई दर वर्षी ते मोजायला येत. आमच्या झऱ्यावर मागच्या दोन्ही खेपांना त्यांना एकही रोप दिसलं नव्हतं.

"यंदाही नसलं, तर माझ्या यादीत या झऱ्यापुढे 'नष्ट' असं लिहावं लागेल, काका," त्या माझ्या थोरल्या भावाला, औदाला म्हणाल्या.

औदाचा चेहरा पडला. फुलासाठी त्यानेच तीन वर्षांमागे आपला शब्द टाकून झऱ्याचं ते खोरं शेळ्यांना बंद करवलं होतं. आमच्या टोळीत वडीलधारे बसून चराईबंदी ठरवतात. मग ज्याची शेळी आत शिरेल ती कापायची आणि सगळ्यांनी मिळून खायची. लोकांनी कुरकुरत बंदी पाळली होती. आता शुक्रवारच्या बैठकीत ते विचारणार होते, फूलच नाही तर बंदी कशाची?

गुरुवारी सकाळी औदा, नर्मीनबाई आणि मी वर चढलो. वळणावर पोचतो तोच वरून 'बें' असा आवाज आला.

"कोणाची रे ही?" औदा ओरडला आणि काठी टाकून पळतच सुटला. सत्तरीचा माणूस!

बघतो तर आमच्या बहिणीची, फ्रेजाची काळी शेळी झऱ्याच्या रानपुदिन्यात मानेपर्यंत शिरून कराकरा चरत होती. मागून फ्रेजा धापा टाकत आली.

"दादा, दोरी तोडली हो मेलीने!"

"दोरी तिने तोडली आणि माझं नाक तू कापलंस, बये!"

फ्रेजाने दगड उचलला. तेवढ्यात औदा किंचाळला, "थांब! हाकलू नकोस तिला! सालेम, इकडे ये, इकडे बघ!"

मी वाकलो. शेळीने खाल्लेल्या पुदिन्यामागे ओला कडा उघडा पडला होता. त्यावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरट पानं, आणि पानांच्या मधून वर आलेली पिवळी फुलं! एक, दोन, अरे, तिकडेही! नर्मीनबाई चिखलात गुडघ्यांवर बसल्या. मोजायच्या, चुकायच्या, हसायच्या, पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या.

"दोन वर्षं मी इथेच उभी राहत होते," त्या म्हणाल्या. "पुदिना बाजूला करून बघावं, असं मनातच आलं नाही."

"तुमचं राहू द्या, बाई," औदा म्हणाला. "शेळ्या बंद केल्या, पुदिना माजला. आम्हीच फुलाला त्या गोधडीखाली कोंडलं की!"

शेळी फुलांना तोंडही लावत नव्हती. पानांवरच्या पांढऱ्या भुकटीचा वास घेऊन शिंकली आणि परत पुदिन्याकडे वळली. फ्रेजाला आता भलताच जोर चढला. "बघा, माझ्या शेळीला अक्कल आहे. घरात दुसऱ्या कोणाला नाही!"

शुक्रवारी बैठकीत एवढा गोंगाट झाला की चहा तीनदा उतू गेला. शेवटी ठरलं, खोरं बंदच राहील. फक्त पुदिना वाढला की थोड्या शेळ्या राखणीखाली आत सोडायच्या.

"आणि नियम मोडलेली शेळी?" मागून कोणीतरी विचारलं.

फ्रेजाकडे दुभती शेळी तेवढी एकच होती.

"बंदी मोडली, तर शेळी कापायलाच हवी," औदा म्हणाला. "पण माझी कापा. शब्द माझा होता." संध्याकाळी त्याच्या अंगणात सगळ्यांनी भातावर ते मटण खाल्लं. सगळ्यांत जास्त फ्रेजाने खाल्लं.

नर्मीनबाईंनी आमच्या झऱ्यापुढे 'नष्ट'ऐवजी 'अतिसंकटग्रस्त' लिहिलं. औदाने ते दोनदा वाचून घेतलं आणि पोरासारखा टाळ्या पिटत हसला. दुसऱ्या वसंतात पहिल्या शेळ्या त्यानेच आत नेल्या, फुलं बघितली. त्याच वर्षी रमजानच्या आदल्या आठवड्यात, सकाळी बदामाच्या झाडांना पाणी देताना औदा वारला.