सशाच्या कानांची गाठ

मित्रांनो, मी एक जुना खाकी थैला. 'आहे' असं ठासून म्हणायची हिंमत मात्र होत नाही, कारण कित्येक वर्षं मी नावापुरताच थैला होतो. माझ्या पोटात ना भाजी होती ना धान्य. होत्या त्या फक्त पन्न्या. तुम्ही त्यांना कॅरीबॅग म्हणत असाल. आमच्या भिलाईत कुणी पन्नी म्हणतं, कुणी झिल्ली. नाव कोणतंही घ्या, सळसळ एकच. त्या सळसळीबद्दलच सांगायचं आहे, आणि सांगताना माझे दोन्ही बंद शरमेनं खाली लोंबतात.

माझा जन्म एका पँटमधून झाला. देवराव भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये नोकरीला आले आणि कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, लागले. तिथल्या ठिणग्यांनी त्यांच्या वर्दीला बारीक बारीक भोकं पडत. एक पँट गुडघ्यात गेली तेव्हा त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, तिचे पाय उसवले, दुहेरी शिलाई मारली आणि मला उभं केलं. ठिणगीचं एक भोक तेवढं बुजवायचं राहिलं. त्यातून कोथिंबिरीची काडी बाहेर यायची आणि देवराव हसून म्हणायचे, "हे पाहा, थैल्याले मिशी फुटली!"

ते दिवस माझ्या मानाचे होते. देवरावांच्या सायकलच्या हँडलला लटकून मी दर रविवारी सुपेल्याच्या बाजारात जायचो. लाल भाजी, मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा, जिमीकंद म्हणजे सुरण, वर टमाटे. उतई गावाकडून भाजी घेऊन येणारी एक म्हातारी मला लांबूनच ओळखायची. "तोर थैला मा तो पूरा बारी समा जाही!" असं ती म्हणायची. तुझ्या थैल्यात तर माझी अख्खी वाडी मावेल, असा त्याचा अर्थ. मी फुगायचो, मित्रांनो. माती लागायची, डाग पडायचे, पण घरी आलं की भागीरथाबाई मला उलटा करून झटकत, धूत आणि उन्हात टाकत.

मग देवराव रिटायर झाले, प्लांटचं क्वार्टर सुटलं आणि कुरुदला दोन खोल्यांचं घर झालं. काही वर्षांनी देवरावही गेले. सायकल अंगणात गंजली. त्यांचा मुलगा भूपेंद्र रसमड्याच्या एका फॅक्टरीत जायचा. मोटरसायकलवरून येताना वाटेत थांबायचा आणि भाजी घेऊन यायचा, प्रत्येक जिन्नस वेगळ्या पन्नीत. मिरचीची एक, लिंबांची एक, आणि सगळ्या पन्न्यांना धरायला आणखी एक.

भागीरथाबाई आता आजी झाल्या होत्या. काहीही फेकायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. त्या प्रत्येक पन्नी धुवायच्या, अंगणातल्या जामाच्या, म्हणजे पेरूच्या, फांदीवर वाळवायच्या आणि घडी करून ठेवायच्या. कुठे ठेवायच्या? स्वयंपाकघराच्या दाराआड एक खिळा होता. त्यावर मला टांगलं आणि पन्न्या माझ्या पोटात कोंबल्या.

"आई, एवढ्या कशाला जमा करून राहिल्या?" सून समीक्षा विचारायची.

"फेकाले काय लागते बापा? अडीअडचणीले कामी येते."

मी असताना ज्या पन्न्या घरात यायलाच नकोत, त्यांचंच मी घर झालो. दार उघडलं की मी भिंतीवर आपटायचो आणि आतून सळसळ व्हायची. बाजाराची वाट मी हळूहळू विसरलो.

आता खरं तेच सांगतो. आजींचा एक नेम होता. तव्यावरची पहिली पोळी गाईची. त्या पोळीबरोबर कालचा भात, भाजीची देठं, टरफलं असं सगळं त्या द्यायच्या. पूर्वी त्या फाटकाशी उभ्या राहून हातानं भरवत. गुडघे दुखू लागले तसं उभं राहणं होईना. जमिनीवर ठेवावं तर धूळ लागते, मुंग्या चढतात, कुत्रे तोंड घालतात. "गाईचा घास मातीत ठेवू नये," असं त्या म्हणायच्या. म्हणून माझ्या पोटातली एक पन्नी काढायच्या, तिच्यात घास भरायच्या आणि घट्ट गाठ मारून फाटकाजवळच्या ओट्यावर ठेवायच्या.

ती गाठही खास होती. पन्नीचे दोन बंद पिळून दोनदा बांधायचे आणि टोकं वर उभी सोडायची. नात उन्नती सहा वर्षांची. ती त्या गाठीला 'ससा' म्हणायची, कारण वर दोन कान दिसायचे. सकाळी शाळेची वेणी घालून झाली की ती विचारायची, "आजी, आज का ससा बना?" आणि आजी तिला कान ओढून नीट करायला द्यायच्या.

गाय यायची ती टिकली. शेजारच्या गल्लीत हिरालाल दूधवाला राहायचा, त्याची. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकली. हिरालाल सकाळी दूध काढून तिला सोडून द्यायचा आणि ती घरोघर फिरून पोट भरायची. पन्नी सळसळली की ती मान वर करायची. कान उभे करून सरळ आमच्या फाटकाशी.

समीक्षा तशी फार सावध बाई. मुलीला प्लॅस्टिकच्या डब्यात गरम पोळी द्यायची नाही, पाण्याची बाटली स्टीलची. प्लॅस्टिकबद्दल कुठे काही आलं की ती वाचून काढायची. एकदा तिनं आजींना म्हटलंही, "आई, पन्नीसकट नका देत जाऊ."

"गाय का पागल आहे?" आजी म्हणाल्या. "आतलं खाते अन् पन्नी सोडून देते. पाहा, एक तरी पन्नी दिसते का ओट्यावर?"

खरंच दिसत नसे. वाऱ्यानं उडाली असेल, सफाईवाल्या दीदीनं उचलली असेल, असं सगळे धरून चालले. समीक्षाही पुढे काही बोलली नाही. ओला कचरा असा परस्पर जात होता, डबा घासावा लागत नव्हता. पालिकेनं हिरवा आणि निळा असे दोन डबे दिले होते. त्यातला निळा सुक्या कचऱ्याचा. पण नवा कोरा डबा पाहून आजींनी त्यात तांदूळ भरून ठेवला होता! पाहुण्यांना दाखवून हसायचा विषय होता तो. दाराआड लटकून मीही हसायचो.

पोळ्याच्या सुमारास टिकली यायची थांबली. ओट्यावर ठेवलेला ससा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तसाच. मग कळलं, की तिनं खाणं सोडलंय, पोट फुगलंय, आणि गुरांचे डॉक्टर येऊन पोट उघडणार आहेत.

आजींना राहवेना. त्यांनी माझ्यातल्या पन्न्या जमिनीवर ओतल्या, मला झटकलं, आत गूळ आणि पुसायला जुनं धोतर घातलं आणि निघाल्या. समीक्षा उन्नतीला घेऊन मागोमाग आली. कितीतरी वर्षांनी मी घराबाहेर पडलो होतो, मित्रांनो. मला वाटलं, पुन्हा कामाचे दिवस आले.

हिरालालनं मला गोठ्याच्या खुंटीवर अडकवलं. समोर टिकली उभी होती. डॉक्टरांनी तिची डावी कूस सुन्न केली होती. हिरालाल तिच्या मानेला धरून "बस बेटा, बस" म्हणत होता. समीक्षानं उन्नतीचं तोंड भिंतीकडे वळवलं.

डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि ओढायला सुरुवात केली. आधी काळपट लगदा आला. मग तो लगदा संपेचना. दोरखंडासारखी पन्नीला पन्नी गुंतलेली. घमेलं भरलं तेव्हा दुसरं आणलं. गल्लीतले लोक फाटकाशी जमले होते. कुणीतरी म्हणालं, "कोन पापी लोकं असतीन हे?" आजींनीही मान हलवली. "पापीच म्हनाव बापा," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात भिंतीकडे तोंड केलेली उन्नती हळूच वळली. घमेल्यात पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला, हरवलेलं खेळणं सापडावं तसा.

"आजी! ससा! देख ना, अपना ससा!"

होताच तो. पन्नी काळी पडली होती, लगद्याला चिकटली होती, पण गाठ जशीच्या तशी. वर दोन कान. त्याच्याखाली आणखी एक. आणि आणखी एक.

"कोनता ससा वं बाई?" हिरालालनं विचारलं.

आजींचा हात ओठांशी गेला होता. समीक्षानं मुलीचा दंड धरला. "काही नाही. चूप बस. चल घरी." आणि ती तिला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. आजीही पाठोपाठ निघाल्या. मला खुंटीवरून काढताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या तीन गाठींमधल्या पन्न्या माझ्या पोटातून गेल्या होत्या. मी त्यांना सांभाळलं होतं, दमट होऊ दिलं नव्हतं. टिकलीच्या पोटानंही मग तेच काम केलं. आम्ही दोघं पन्न्यांचे थैले झालो. फरक एवढाच, की मला खिळ्यावर टांगलं होतं आणि ती चालत होती.

घरी आल्यावर आजी देवापुढे बसल्या, पण हात जोडले नाहीत. समीक्षा उगाच भांडी घासत राहिली. उन्नती दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली. डोळे भरलेले.

"मैंने क्या गलत बोला, मम्मा?"

समीक्षानं हातातली थाळी खाली ठेवली. ती मुलीला सारखं सांगायची, खरं बोलावं.

"तू बरोबर बोलली माय," आजी आतून म्हणाल्या. "चूप तर आमी बसलो."

मग त्यांनी मला उचललं आणि म्हणाल्या, "समीक्षा, मले जरा हिरालालकडे ने. गुडघा साथ देत नाही अन् मन तर मुळीच नाही."

"आई, मीही बोलेन. माझंही चुकलंच. माहीत असून गप्प होते."

हिरालाल टिकलीच्या पायाशी बसून होता. आजी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मी त्यांच्या हातात होतो.

"हिरालाल, त्या गाठी माह्या होत्या."

त्यानं वर पाहिलं.

"मी देत होती रोज. पुन्य समजून. टिकली सोडून देते म्हने पन्नी, असं वाटे मले. तुले जे बोलाचं ते बोल."

"मला माहीत होतं भाऊ," समीक्षा म्हणाली. "मी अडवलं नाही."

हिरालालनं टिकलीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "काकी, तिच्या पोटात पूरी गल्ली होती. तुमी एकट्या काहून दोष घेता? मीबी तर सोडूनच देत होतो, चारा वाचते म्हनून. दूध माहं अन् पोट तुमच्या भरोशावर." टिकलीच्या कुशीकडे बोट करून तो म्हणाला, "पन एक सांगतो. बाकीच्या पन्न्या फाटल्या होत्या. तुमच्या गाठी मात्र सुटल्या नाहीत."

असं बोलणं फार जिव्हारी लागतं, मित्रांनो. रागावला असता तर बरं झालं असतं.

टिकली वाचली. पण तिचं दूध पार आटलं आणि ती कितीतरी दिवस चार पावलंही धड चालेना. हिरालाल तिला आता सोडत नाही.

आमच्या घरातही बदल झाला. निळ्या डब्यातला तांदूळ आजींनी स्वतः पिंपात ओतला. माझ्यातल्या पन्न्या समीक्षानं पुन्हा धुतल्या, कोरड्या केल्या आणि त्या डब्यात भरून घंटागाडीच्या दीदीला वेगळ्या दिल्या. आता दुधाची पिशवी कापताना कोपरा तुटू द्यायचा नाही, लोंबता ठेवायचा, म्हणजे तो तुकडा हरवत नाही. पिशवी धुऊन, वाळवून निळ्या डब्यात. कोपरा जागेवर आहे ना, हे बघायचं काम उन्नतीकडे आहे आणि ती फार कडक आहे. भूपेंद्र एकदा मला न घेता निघाला तर फाटक अडवून उभी राहिली. "पापा, हात में टमाटर लाओगे क्या?"

मी पुन्हा बाजारात जातो. सुपेल्याची ती म्हातारी आता दिसत नाही. रोज सकाळी मात्र माझी एक फेरी ठरलेली आहे. आजी माझ्यात देठं आणि टरफलं सुटी भरतात, वर पहिली पोळी ठेवतात आणि समीक्षाच्या खांद्याचा आधार घेत हिरालालच्या गोठ्यात जातात. मला टोपलीत उलटा करतात. पोळी तळहातावर धरतात. टिकली खाते.

तुमच्या दाराआड खिळ्यावर माझ्यासारखा कुणी फुगून लटकत असेल, तर त्याला आजच खाली उतरवा. त्याला रिकामं करा, धुवा आणि बाजारात न्या. आणि कुणाला घास द्यायचा असेल तर उघड्या हातानं द्या. माया गाठ मारून देऊ नका. खाणाऱ्याला गाठ सोडता येत नाही.

काल आजी पोळी भरवत होत्या तेव्हा गोठ्यासमोरून एक सायकल गेली. हँडलला पन्नी लटकत होती. सळसळ झाली. टिकलीनं आजींच्या हातातली पोळी अर्धी टाकली, मान वर केली आणि दोन्ही कान उभे केले, अगदी सशासारखे. आजींची नजर खाली गेली.

तिला ती सळसळ आम्हीच शिकवली, मित्रांनो.